ऊन दाखवणे

खोक्यावर लिहिलं होतं :
डाग राहिल्यास ऊन दाखवा.
मी एकटाच हसलो स्वयंपाकघरात.
डिसेंबर, ट्रॉम्सो.
नोव्हेंबर संपता संपता सूर्य डोंगरामागे गेला
तो जानेवारी अर्धा सरेपर्यंत तोंड दाखवत नाही.
दुपारी बाराला खाडीवर निळसर काहीतरी येतं,
शाईत पाणी जास्त झाल्यासारखं,
आणि एकच्या सुमाराला तेही आवरतं घेतं.

वाटीत गाजराचा डाग.
इंगहिल्डनं बोटीवर जायच्या सकाळी
गाजर वाफवलं, घोटलं,
तीरिलला भरवलं : एक घास तिला, एक टेबलाला,
लाळेऱ्याच्या खिशात साचलेला पुन्हा तिलाच.
मग वाटी तशीच टाकून गेली,
चौदा दिवस इंजिनच्या खोलीत.
मी रात्री बघितली.
तोवर सिलिकॉननं रंग पिऊन टाकला होता.

तिसऱ्या दिवशी तीरिलनं बाटली नाकारली.
इंगहिल्डचं दूध, पिशवीवर तिच्या हातची तारीख,
कोमट केलेलं, मनगटावर थेंब टाकून पाहिलेलं.
बोंड ओठाला लागलं की मान फिरवायची,
पाठीची कमान करून रडायची.
आईची आठवण येतेय, मी म्हटलं.
इंगहिल्डचा स्वेटर चढवून बसलो,
खांदे उसवेपर्यंत घट्ट.
तिच्यासारखं गुणगुणलो.
पोर हमसून हमसून झोपली, उपाशी.

खालच्या मजल्यावरची आस्लाउग वर आली,
चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात काढलेली.
मुलीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.
बोंड उचललं, नाकाशी नेलं.
“लिंबू,” म्हणाली.
“कशात बुडवून ठेवतोस हे?”
रात्रभर, साबणाच्या पाण्यात,
आमच्या ताटांबरोबर. मी जरा अभिमानानंच सांगितलं.
“मग दुधाला साबणाचा वास येणारच की.
हे रबर नाही आणि काचही नाही.
शेजाऱ्याचं सगळं अंगाला लावून घेतं.”

मग साधं पाणी, खळखळ उकळतं.
बोंड तळाला टेकू नये म्हणून ती चिमट्यानं धरून उभी.
एकदा, पाणी बदलून पुन्हा एकदा.
स्वच्छ फडक्यावर उपडं, वारा लागेल असं.
सुकल्यावर तिनं ते ताणलं, दिव्यासमोर धरलं.
भोकाच्या कडेला केसाएवढी चीर :
तीरिलचे दोन नवे दात.
कात्री मागितली, कचकन दोन तुकडे केले
आणि कचऱ्यात टाकले, कुणी परत उचलू नये म्हणून.
“जाळं फाटलं तर शिवायचं.
हे शिवायचं नसतं.”
दुसरं बोंड उकळलं.
तीरिल डोळे मिटून प्यायली, घटाघटा,
एक हात माझ्या दाढीत.
स्वेटर काढायचं मला सुचलंच नाही.

एकवीस जानेवारीला शाळेतली पोरं टेकडीवर गेली.
आस्लाउगनं जॅम घातलेले गोल पाव आणले, सूर्याचे म्हणून.
आमच्या गच्चीला ऊन मिळालं चार मिनिटं.
मी वाटी बर्फावर ठेवली.
उणे बारा. कठडा, दोरी, माझी बोटं, सगळं ताठरलं,
ती तेवढी मऊ. दाबली की दबायची.
चार मिनिटांत काय होणार?
डाग होता तिथेच, फिकट नारिंगी,
इंगहिल्डनं चमचा फिरवला त्या बाजूला जरा दाट.

बोटीवरून फोन आला. आवाज तुटत होता.
ऊन आलं का, तिनं विचारलं.
आलं. गेलं.
आणि डाग?
मे महिन्यात बघू, मी म्हटलं,
तेव्हा मावळणारच नाही, ठेवू दिवसरात्र बाहेर.
तोवर तीरिल त्या वाटीची चूषणी कडेनं सोलायला शिकली असेल
(अर्धी शिकलीच आहे, परवा गाजर छताला लागलं)
आणि आमच्या ताटात हात घालत असेल.
वाटी आत आणली. पुसली. मुद्दाम घासली नाही.
उद्या बोंडं आणायचीत. दोन.
मोठ्या भोकाची, आस्लाउग म्हणते.